पहिली केमो कुठली द्यायची, ते कसं ठरतं

नमस्कार. समोर बघतेय तर डॉक्टर कमी आणि पेशंटचे घरचेच जास्त दिसताहेत, मग स्लाइड्स राहू देत, सरळ बोलूया. विषय एएमएल, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्यानं वाढणारा एक रक्ताचा कॅन्सर, आणि त्यातही एवढंच की पहिली केमो कशी ठरते. ओपीडीत पहिला प्रश्न हाच येतो, "मॅडम, स्ट्राँग देणार का हलकी?" आणि स्ट्राँग म्हणजे चांगली, हलकी म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असं घरचे मनात धरून बसलेले असतात. तसं नसतं हो.

समजा यंत्रमागावर काम करणारा पस्तिशीतला माणूस आहे. हिरड्या सुजल्या, ब्रश करताना रक्त यायला लागलं म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेला, त्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करायला सांगितलं आणि पांढऱ्या पेशी निघाल्या 60,000, प्लेटलेट 18,000. घरचे म्हणतात आज रात्रीच केमो लावा. मी म्हणते थांबा, आधी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली बघू, कारण एक प्रकार असा आहे की त्यात खरंच आजची रात्र महत्त्वाची असते, तो म्हणजे एपीएल, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. त्यात रक्त गोठायची यंत्रणाच कोलमडते आणि पेशंट पहिल्या काही दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन जाऊ शकतो. म्हणून नुसती शंका आली तरी जीनचा रिपोर्ट यायच्या आधी एट्रा ही गोळी सुरू करायची. ही व्हिटॅमिन ए च्या घरातली गोळी, आणि सोबत आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. पांढऱ्या पेशी 10,000 च्या आत असतील तर बहुतेकांना नेहमीची केमो लागतच नाही, आणि 10 पैकी 9 पेक्षा जास्त पेशंट बरे होतात! ह्या गोळीचा एपीएलमधला उपयोग शांघायच्या डॉक्टरांनी 1980 च्या दशकात दाखवून दिला. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 ला चीनला गेले आणि 1942 ला तिथंच वारले, त्यामुळे एट्रा लिहिताना मला दर वेळी वाटतं की तिकडून आपल्याकडे काहीतरी परत आलं.

आता एपीएल नाही असं ठरलं, तर पेशंट स्थिर असेल तेव्हा चार-पाच दिवस रिपोर्टसाठी थांबलेलं चालतं, पेशी फार वाढल्या असतील तर तोवर हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल देऊन खाली आणतो. हे थांबणं घरच्यांना फार जड जातं, मला कळतं ते, पण त्याच दिवसांत क्रोमोसोमचा रिपोर्ट येतो, एफएलटी3, एनपीएम1 हे जीन बिघडलेत का ते कळतं, हार्टचा इको होतो, आणि तरुण मुलगा असेल तर पुढं मूल व्हावं म्हणून वीर्य साठवून ठेवायचं का हेही तेव्हाच विचारायचं, नंतर ती वेळ निघून गेलेली असते.

मग तब्येत दणकट असेल तर सेव्हन प्लस थ्री. सात दिवस सायटॅराबिन, तीन दिवस लाल रंगाचं डॉनोरुबिसिन, 1973 पासून हाच पाया आहे. एफएलटी3 बिघडलेला असेल तर आठव्या दिवसापासून मिडोस्टॉरिन जोडतो. पण ही केमो दिल्यावर तीन-चार आठवडे अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात, आणि आपल्याकडे खरी लढाई तिथं असते, ताप, न्यूमोनिया, फंगस. म्हणून मी वयाच्या आकड्यापेक्षा छातीचा सीटी, किडनी, आणि पेशंट स्वतः चालत आला का हे आधी बघते. जेवण घरचं, ताजं, गरम शिजवलेलं. शेंगाचटणी चालेल का असं हमखास विचारतात, तर पेशी वर येईपर्यंत नको.

75 च्या पुढचे आजोबा, किंवा हार्ट कमजोर असलेले, त्यांना अझासायटिडिनची इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. हिलाच लोक हलकी म्हणतात. 2020 च्या मोठ्या ट्रायलमध्ये नुसत्या अझासायटिडिनवर निम्मे पेशंट 9.6 महिन्यांपर्यंत जगले, गोळी जोडल्यावर 14.7 महिन्यांपर्यंत. बहुतेकांचा आजार ह्यानं कायमचा जात नाही, हे मी स्पष्ट सांगते, पण ते महिने बरेचसे घरी, नातवंडांत जातात. आणि हीसुद्धा पेशी पाडतेच, त्यामुळे ताप आला तर सकाळची वाट न बघता निघायचं. शिवाय फंगसची पोसाकोनाझोल सोबत असेल तर व्हेनेटोक्लॅक्सचा डोस 400 मिलिग्रॅमवरून 100 किंवा त्याहून खाली आणावा लागतो, म्हणून दुसऱ्या कुणी एखादी गोळी लिहून दिली तर आधी आम्हाला फोन करा, खरंच करा.

खर्चाचं पहिल्याच दिवशी विचारा, सरकारी योजनेत काय बसतं, काय नाही, त्यात लाजायचं काय? आणि प्लेटलेट देणारी माणसं आधीच गोळा करून ठेवा, कारण त्या पाचच दिवस टिकतात, आणून साठवून ठेवता येत नाहीत.

आणखी एक प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात विचारते, पेशंटला सख्खे भाऊ-बहीण किती? अजून केमोच सुरू नाही आणि ह्या काय विचारतात असं वाटतं, पण पुढं बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागलं तर एकेका भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, आणि पुण्यातला भाऊ, हैदराबादची बहीण यांना बोलावून रक्त तपासायला वेळ जातो. त्यांना आजच फोन लावा.