सर्व्हिस आहे, पण मालक कोण?

नमस्कार मंडळी! आजचा विषय एसओए, म्हणजे सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर: एकेक काम करणारा सॉफ्टवेअरचा तुकडा, म्हणजे सर्व्हिस, एकदाच बनवायचा आणि सगळ्यांनी तोच वापरायचा. चौकोन आणि बाण नंतर, आधी किस्सा ऐका.

मी पूर्वी एका कंपनीत होतो. तिथे ग्राहकाचा पत्ता देणारी एक सर्व्हिस होती. बिलिंग, डिलिव्हरी, कॉल सेंटर, सगळे तिच्याकडूनच पत्ता घ्यायचे. एका शुक्रवारी कुणीतरी तिच्यात नियम टाकला: पिनकोड 6 आकडीच हवा. आता दुबईच्या पत्त्याला पिनकोड नसतोच! तिकडची सगळी बिलं अडकली. रात्री 11 वाजता ग्रुपवर एकच प्रश्न, "अरे, ही सर्व्हिस आहे कुणाची?" आयटी म्हणे बिझनेसची, बिझनेस म्हणे आयटीची. दुरुस्ती एका ओळीची होती. पण "कर" म्हणायचं कुणी, हे ठरेपर्यंत सोमवार उजाडला.

गव्हर्नन्स, म्हणजे सर्व्हिसबद्दल कुणी काय ठरवायचं याचे नियम, म्हटलं की लोकांना कमिट्या आठवतात. मला आठवतो तो सोमवार. मालक कोण, बदलाआधी कुणाला विचारायचं, जुनं व्हर्जन कधीपर्यंत चालू ठेवायचं, एवढं लिहून ठेवलेलं असतं तरी भागलं असतं. आणि हो, पैसे! वापरणारी खाती पाच आणि खर्च एकाच्या बजेटात, असं झालं की ते खातं हात आखडतं. मग बाकीचे गुपचूप आपापली पत्त्यांची एक्सेल शीट काढतात. झालं, एसओए कागदावर.

ही पळवाट एस्टोनियानं कशी बंद केली बघा. 2001 पासून तिथे एक्स-रोड आहे, म्हणजे सरकारी खात्यांनी एकमेकांकडून डेटा मागायची व्यवस्था. सगळा डेटा एका ठिकाणी ओतलेला नाही, ज्याचा त्याच्याकडेच राहतो. दुसऱ्या खात्याला हवा असेल तर सर्व्हिसमधून मागायचा, आणि द्यायचा की नाही ते मालक खातं ठरवतं. प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही, वेळेचा शिक्का. हे झालं तंत्रज्ञान. खरी गंमत कायद्यात आहे: तीच माहिती गोळा करायला सरकारात दुसरा डेटाबेस उभारायला मनाई! पत्ता हवाय? लोकसंख्या नोंदवहीकडे मागा.

पुढे फिनलंडनंही एक्स-रोड घेतला. मग प्रश्न तोच, आमच्या ग्रुपवरचा: कोड सांभाळायचा कुणी? त्यासाठी दोन्ही देशांनी 2017 मध्ये एनआयआयएस नावाची संस्थाच काढली.

तुमच्याकडची सगळ्यात जास्त वापरातली सर्व्हिस आज रात्री पडली, तर फोन कुणाला जाईल? कॉमेंटमध्ये लिहा. नाव नको, हुद्दा चालेल.