पोत्यावरचा आकडा आणि दाण्यातली छिद्रं

नमस्कार श्रोतेहो.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पोरांच्या दातांवरचे तपकिरी डाग तुम्ही पाहिलेच असतील. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, पाण्याची दुसरी सोयच नसेल तर 1.5. पाणी उकळून ते जात नाही. उलट वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.

ते काढायला फिल्टरमध्ये बरेचदा पांढरे दाणे भरतात. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना म्हणतात त्यांना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. अ‍ॅल्युमिनियमचंच हायड्रॉक्साइड तापवलं की त्यातलं पाणी निघून जातं आणि मागे छिद्रं राहतात. पण आच बेतानं द्यावी लागते. बाराशे अंशांच्या आसपास नेलं तर छिद्रं मिटतात आणि हातात नुसता निरुपयोगी खडा उरतो.

आता थोडा हिशोब. समजा, एक ग्रॅम दाण्यांत सगळ्या छिद्रांची मिळून पोकळी अर्धा घन सेंटिमीटर आहे, आणि प्रत्येक छिद्र नळीसारखं, 10 नॅनोमीटर रुंद. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर 200 चौरस मीटर भरतील, म्हणजे जवळपास दोन गुंठे. पोकळी तेवढीच ठेवून छिद्रं 5 नॅनोमीटरची केली, तर चार गुंठे. एका ग्रॅममध्ये, बरं का! फ्लोराइड चिकटतं ते या भिंतींवर. मग कुणालाही वाटेल, छिद्रं बारीक करत जावं, जमीन वाढत जाईल.

इथंच घोळ आहे. दाण्यांच्या पोत्यावर ग्रॅममागे इतके चौरस मीटर असा आकडा छापलेला असतो, तो मोजतात कसा? मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. ही मोजणी होते उणे 196 अंशांवर, छिद्रांच्या भिंतींवर नायट्रोजन वायू किती चिकटतो ते पाहून. ब्रुनॉर, एमेट आणि टेलर या शास्त्रज्ञांनी 1938 साली मांडलेली ही रीत आजही चालते. नायट्रोजनचा रेणू साधारण 0.36 नॅनोमीटरचा. फ्लोराइड स्वतः लहानच, पण पाण्यात ते एकटं फिरत नाही, पाण्याचे रेणू भोवती घट्ट धरून ठेवतं. त्या लवाजम्यासकट त्याची रुंदी सुमारे 0.7 नॅनोमीटर होते. गल्ली सायकलपुरतीच असेल तर कापसाची बंडी आत जाणार नाही, आणि कशीबशी घुसलीच तर मागच्या बंड्या खोळंबतील. थोडक्यात, पोत्यावरचा आकडा नायट्रोजनचा आहे, फ्लोराइडचा नाही.

वायूंचं गणित निराळं. 2 नॅनोमीटरहून अरुंद छिद्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंती रेणूला ओढतात, म्हणून वायू तिथं घट्ट बसतो. पाण्यातल्या कामाला मात्र 2 ते 50 नॅनोमीटरची मधली छिद्रं मला जास्त भरवशाची वाटतात. त्याहून मोठी छिद्रं आत शिरायच्या वाटा म्हणून हवीतच, पण भिंतीच्या हिशोबानं त्यांची कमाई थोडी. पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचे मोठे रेणू असले, तर ते बारीक छिद्रांच्या तोंडाशीच अडकतात आणि आतली जमीन पडीक राहते.

दाणा केवढा, यावरही बरंच अवलंबून असतं. दाण्याची जाडी निम्मी केली तर फ्लोराइडला आतपर्यंत पोचायला साधारण पाव वेळच लागतो. अगदी भुकटी केली तर मात्र फिल्टर तुंबतो.

आणि एक, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. फ्लोराइड भिंतीवरच्या हायड्रॉक्सिलची, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीची, जागा घेतं. पाणी क्षारीय असेल, बायकार्बोनेट जास्त असेल, तर त्याच जागेसाठी चढाओढ होते आणि उत्तम छिद्रांचा दाणाही लवकर भरतो. काम सगळ्यात चांगलं होतं ते पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की क्षारीय याचं माप, साडेपाच-सहाच्या आसपास असताना. दाणे भरले की सौम्य कॉस्टिक सोड्यानं धुऊन, मग आम्लानं उदासीन करून पुन्हा वापरतात. हे काम जाणकारानंच करावं, आणि ते धुवण फ्लोराइडनं भरलेलं असतं, विहिरीजवळ ओतू नये.

तेव्हा गावात फिल्टर बसवायला कुणी आलं, तर आधी आपल्याच बोरिंगचं पाणी त्यातून चालवून दाखवायला सांगा. तोटी जोरात सोडून एक बाटली भरा, धार बारीक करून दुसरी भरा, आणि दोन्हींतलं फ्लोराइड प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा टीडीएस मीटर यात कामाचा नाही, तो फ्लोराइड वेगळं दाखवत नाही.