जांबोटीच्या वाटेवरचं रान

(दृश्य: वाकस, उडणारे ढलपे)

फणसाचं लाकूड ताजं तासलं की असं पिवळंधमक निघतं. हवा लागत जाईल तसं ते तांबूस होत जातं. इथं पखवाजाचं खोड, म्हणजे त्याचं पोकळ लाकडी अंग, घडतंय. दोन-अडीच फुटांचा ओंडका. आधी बाहेरून गोलाई, मग पटाशीनं पोखरत आत जायचं. हा ओंडका वखारीतून आणलेला नाही. मागं दिसतंय त्या रानातच तो वाढला. ज्यांनी तो फणस लावला, ते आजोबा तिथंच बांधावर बसलेत. तासायचा वाकस त्यांच्या मुलाच्या हातात आहे.

बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका. जांबोटीवरून कणकुंबीकडं जाणारी ही वाट. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. पाऊस इथं उदंड. पण उतार उघडा असला की पाण्याबरोबर मातीही जाते. आजोबांचा उतार असाच उघडा होता. सगळ्यांनी काजू लावला, त्यांनीही लावला. मात्र बांधावर आणि ओघळीच्या काठानं ते फणस, शिवण, साग, पांगारा लावत गेले. आज या उतारावर पाचोळ्याचा थर पाय रुतेल एवढा आहे.

रोपांची ही जागा जरा नीट बघा. फणसाची आठळी ताजीच पेरावी लागते, महिनाभर ठेवली तर उगवण जाते. म्हणून गरे खाऊन हात धुवायच्या आत आठळ्या पिशव्यांत जातात.

"वाळली की मेली गा ती," आजोबा नातवाला सांगतात.

सागाचं उलटं. त्याचं बी टणक, आळीपाळीनं पाण्यात भिजवून उन्हात वाळवल्याशिवाय नीट फुटत नाही. शिवणीची पिवळी फळं उन्हाळ्यात झाडाखाली पडतात. ती गोळा करायची, गर कुजवायचा, चोळून बी धुवायचं. मृगाचा पाऊस मुरला की रोपं रानात. पुढं वणवा अडवायला जाळरेषा, म्हणजे गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा, आणि झाडं दाटली की विरळणी, म्हणजे मधली काही झाडं काढणं. विरळणीचं लाकूड चुलीत घालणारी घरं आम्ही पुष्कळ पाहिली. या घरात ते आधी सूनबाईंपुढं येतं.

(दृश्य: खेळणी, रंगाच्या वाट्या)

त्यांचं माहेर सावंतवाडीकडचं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी त्या लहानपणापासून बघत आल्या. इथं त्या शिवणीचीही करतात, कारण शिवण सहसा पिळवटत नाही. भोवरे, बैल, पोळपाट-लाटणं. आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकची रंगीत लाकडी फळंही त्यांनी फळीवर मांडून ठेवलीत, रंग कसा चढवलाय ते बघायला. डोळे मात्र नातच रंगवते. बैल बघत असलेला दिसला पाहिजे, हा तिचा आग्रह.

पुन्हा पखवाजाकडं. ओल्या ओंडक्याच्या टोकांना शेणमातीचा लेप देतात. टोकं लवकर सुकली तर लाकूड तडकतं. सावलीत सावकाश वाळलेलं खोडच पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, चढवायला घ्यायचं. मग पुडी ताणून धरणारी चामड्याची वादी, वादीखाली लाकडी गठ्ठे, उजव्या पुडीवर शाईचा काळा लेप. डाव्या बाजूला, धुमेवर, वाजवायच्या वेळी ओली कणीक. ती लावली की आवाज खाली उतरतो. या घरचे पखवाज खानापूर-चंदगडच्या भजनी मंडळांत जातात. 1956 मध्ये भाषावार राज्यं झाली आणि खानापूर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, चंदगड महाराष्ट्राच्या बाजूला राहिलं. एकादशीचं भजन दोन्हीकडं तेच राहिलं.

आता थोडा वेळ फक्त ऐकूया.

(दृश्य: ओसरीवरचं भजन)

सागाच्या तोडीला आणि वाहतुकीला परवाना लागतो. अर्ज कन्नडमध्ये असतो, तो नात भरते. त्यात महिने जातात, आणि तोवर घर काजूवरच चालतं.

यंदा रोपं जास्त झाली आहेत. शिवण आणि फणस. ज्याच्याकडं उघडा उतार आहे, त्यानं मृगाआधी येऊन न्यावीत. आजोबा पैसे घेत नाहीत. पहिले दोन उन्हाळे पाणी घालीन, एवढं मात्र ते कबूल करून घेतात.