मधोमध ठेवलेला आरसा

टॅबलेटवर ख्रिस्ताचा चेहरा काढायला मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा आधी सिमेट्री टूल सुरू केलं. पडद्याच्या मधोमध एक रेघ असते. डावीकडे काढाल ते उजवीकडे आपोआप उमटतं. अर्ध्या कष्टात चेहरा पुरा. नाक सरळ, डोळे मापात, दाढीसुद्धा केसाला केस जुळणारी. आणि चित्र निर्जीव! नुसता मुखवटा. कितीतरी दिवस मी रंगच बदलत बसलो, पण दोष रंगांत नव्हता.

तो कुठे होता, हे मला इजिप्तमधल्या सिनायच्या संत कॅथरीन मठातल्या एका प्रतिमेने दाखवलं. सहाव्या शतकातलं काम. लाकडी फळीवर, वितळलेल्या मेणात कालवलेले रंग. त्या ख्रिस्ताचा अर्धा चेहरा हाताने झाकून पाहा, मग उरलेला अर्धा. एका बाजूची नजर शांत, दुसऱ्या बाजूची भुवई चढलेली. दया आणि न्याय एकाच चेहऱ्यात, असं कुणी म्हणतं. कुणाला त्यात मानवी आणि दैवी स्वभाव दिसतात. माझ्या आरशाने नेमकं हेच पुसून टाकलं होतं. तेव्हापासून ते टूल मी तेजोवलयापुरतंच वापरतो.

म्हणून संगणक या कामाला नालायक, असं मात्र नाही. ७८७ साली निकिया इथल्या दुसऱ्या धर्मसभेने प्रतिमांना मान्यता दिली. त्या निर्णयात रंगांबरोबर मोझेकचा उल्लेख आहे आणि ‘इतर योग्य साहित्या’चाही. त्या ‘इतर’मध्ये स्टायलस, म्हणजे टॅबलेटवर काढायची पेन, बसवायला माझी हरकत नाही. शिवाय लेयरची, म्हणजे चित्राचे भाग एकावर एक वेगळ्या थरांत ठेवण्याची पद्धत जुन्या प्रतिमाकारांच्या कामाशी छान जुळते. ते चेहऱ्यावर आधी काळपट, मातकट थर देत आणि त्यावर एकेक उजळ थर चढवत. तुम्हीही गडद लेयर तळाशी ठेवा आणि वरचे अर्धपारदर्शक. उजेड आतून आल्यासारखा दिसतो.

खरी पंचाईत सोन्याची. वर्खाचं सोनं हा रंग नव्हेच; ते समोरच्या दिव्याचा उजेड परत फेकतं. पाहणारा जरा सरकला किंवा मेणबत्ती हलली, की चित्र पालटतं. पडदा स्वतःच उजेड टाकतो, त्यामुळे त्याच्यावर सोनं होतच नाही. मग आपण पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत ग्रेडियंट ओढतो आणि संताच्या डोक्यामागे पितळी ताटली उभी राहते! (माझ्या जुन्या फाइलींत अशा ताटल्यांचा संसार आहे.) पडद्यासाठी सपाट, मंद गेरूपिवळा बरा. छापायचं असेल तर सोन्याचा भाग वेगळ्या लेयरवर स्पॉट कलर (स्वतंत्रपणे छापायचा रंग) म्हणून ठेवा, म्हणजे छापखान्यात तिथे खरी चमकती फॉइल बसवता येते. मरीयेच्या झग्याचा निळाही छपाईआधी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलून पाहा. पडद्यावरचा तो झळझळीत निळा शाईत उतरत नाही, तो मळकट होतो किंवा जांभळ्याकडे झुकतो.

आता एआय. चित्र क्षणात मिळतं, हे खरं. पण आशीर्वाद देणारा हात बघा. परंपरेत ती बोटं येशू ख्रिस्त या ग्रीक नावांची पहिली-शेवटची अक्षरं घडवतात. यंत्राला ती फक्त वाकलेली बोटं वाटतात. ख्रिस्ताच्या तेजोवलयात तीन ग्रीक अक्षरं असतात, ‘जो आहे तो’ अशा अर्थाची. बायबलमधल्या मोशेने जळत्या झुडपासमोर ऐकलेलं देवाचं ते नाव. त्याजागी यंत्र अक्षरांसारखं काहीतरी गिरगटून ठेवतं, आणि लोक तेच फ्रेम करून वेदीजवळ लावतात. रचना सुचवायला एआय वापरा, मीही वापरतो. हात आणि अक्षरं मात्र स्वतः काढा, आणि ग्रीक वाचता येणाऱ्या कुणाकडून ती तपासून घ्या. माझ्या एका चित्रात त्यातली दोन अक्षरं उलटसुलट झाली होती, आणि ते छापून आल्यावर कळलं.