चिमणीकडे नको, दरवाजाकडे बघा

मंडळी, पत्रिकेवर ‘कोळसा आणि कोकणची हवा’ असा मोठा विषय छापलाय. डहाणूचं औष्णिक केंद्र, जयगडचं केंद्र, आंब्याचा मोहोर, सगळ्यावर बोलायचं ठरलंय. पण मनात कधीची साचलेली गोष्ट आधी बोलून घेतो. कारखान्याचा विषय निघाला की आपण चिमणीकडे बघतो. कोक भट्टीच्या, म्हणजे दगडी कोळसा तापवून त्याचा कोक हे इंधन करणाऱ्या भट्टीच्या बाबतीत बघायचं असतं दरवाजाकडे.

पोलादाला कोक लागतो, म्हणून आपल्या पेण तालुक्यात डोलवीलाही कोक भट्ट्या आहेत. दगडी कोळसा अरुंद, उंच भट्टीत भरतात आणि हवा लागू न देता 1000 ते 1100 अंशांवर तासन् तास तापवतात. डांबर, बेंझिन, नॅफ्थलीन, अमोनिया सुटतं. ते नळांतून ओढून घ्यायचं असतं. पण भट्ट्या ओळीने उभ्या, प्रत्येकीला दोन टोकांना लोखंडी दरवाजे. कडेला डांबर धरलं, चौकट वाकली, की पिवळट धूर तिथूनच गळतो. कोळसा भरताना, लालबुंद कोक बाहेर ढकलतानाही सुटतो. चिमणीचा धूर उंचावर पसरतो, हा खालीच रेंगाळतो. आधी कामगाराच्या छातीत, मग शेजारच्या वाडीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कोक उत्पादनाचं काम माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवलंय.

एका जनसुनावणीला गेलो होतो, गाव सांगत नाही. विस्ताराचा प्रकल्प. अहवाल जाडजूड, इंग्रजीत. लोकांच्या हाती मराठी सारांश. त्यात बेंझिनचा उल्लेखसुद्धा नाही! एक कोळीणताई उठल्या. ‘पहाटे डांबराचा वास येतो, वाळत घातलेल्या बोंबलांना लागतो. तो कशाचा?’ व्यासपीठावरच्या साहेबांनी चिमणीची उंची सांगितली. ताई म्हणाल्या, ‘दादा, चिमणीचं नाय इचारलं, वासाचं इचारलं.’ मांडवात हशा झाला, तुम्हीही हसताय. पण उत्तर काही मिळालं नाही. मग मी बेंझिनचं विचारलं, तर धुळीचे आकडे वाचून दाखवले. त्या ताई शेवटपर्यंत उभ्याच होत्या. मला त्याचा आजही संताप येतो, कारण त्यांचा प्रश्न त्या मांडवातला सर्वांत शास्त्रीय प्रश्न होता.

आणि नियम नाहीत असंही नाही. हवेच्या 2009 च्या राष्ट्रीय मानकांत बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, आणि बेंझो-पायरीनची, म्हणजे डांबराच्या धुरातल्या कर्करोगकारक पदार्थाची, 1 नॅनोग्रॅम. बेंझो-पायरीन मोजायला हवेतली धूळ धरणारा गाळणकागद प्रयोगशाळेत न्यावा लागतो, कारखान्याच्या फाटकावर हवेचे आकडे दाखवणाऱ्या पाटीवर ते झळकत नाही.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं. मोहोराचं राहिलं, माफ करा. डहाणूचं मात्र सांगतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर तिथे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. त्याने गंधकाचा धूर धुणारी यंत्रणा बसवायला लावली, तिचा पाठपुरावा केला, आणि ती बसली. तालुक्यापुरतं, अधिकार असलेलं, मागे लागणारं मंडळ होतं म्हणून हे झालं.

तेव्हा मागण्या भराभर सांगतो. बेंझिन आणि बेंझो-पायरीन वस्तीत मोजा, तेही हिवाळ्यात, रात्री, जेव्हा थंड हवा धूर खाली दाबून धरते. मतलई वारा, म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, धूर ज्या वाडीवर नेतो, तिथे यंत्र ठेवा. रोज किती दरवाजे गळले, त्याची नोंद मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कामगारांची तपासणी बाहेरच्या डॉक्टरांकडून करा, कंत्राटी कामगारांसकट. अर्जाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर आहे, सही करून जा. आता प्रश्न घेऊ. भट्टीवर ज्यांच्या घरचं कुणी कामाला आहे, त्यांनी आधी विचारा.