पिंजऱ्यावरची पाटी

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. स्वारी चौथीत आहे. वाचायची नवी नवी गोडी, त्यामुळे वाघापेक्षा वाघाच्या पाटीपुढेच जास्त वेळ. "मामा, गर्भकाळ म्हणजे काय रे?" म्हटलं, पिल्लू आईच्या पोटात किती दिवस असतं, तो काळ. "फक्त साडेतीन महिने?" असं म्हणून तो पुढच्या पाटीकडे पळालासुद्धा. हे खरं कशावरून, असं ना त्यानं विचारलं, ना मी. पाटीमागे जिवंत वाघ जांभई देत पडला होता. अशा वेळी पाटीवर कोण शंका घेतो?

ही जी वाघाच्या जिवावर पाटीला मिळणारी पत आहे, तिच्याविषयी आज बोलायचं आहे.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराजवळ रॅक्सल नावाचं गाव आहे. तिथे 'नोआज आर्क झू फार्म' नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. मूळचं दूधदुभत्याचं शेत, १९९९ साली लोकांसाठी खुलं झालं. मालक अँथनी बुश हे श्रद्धाळू ख्रिस्ती. नावातच नोहाची नौका आहे, म्हणजे बायबलमधला जलप्रलय आणि त्यातून जोडीजोडीनं वाचलेले प्राणी. नाव असायला हरकत काहीच नाही. आपल्याकडे हत्तीला गणपत म्हणतातच की. पण इथे श्रद्धा नावावर थांबली नाही, पाट्यांवर उतरली. माकडं-वानरं आणि माणूस यांचं नातं का नाही, याची कारणं सांगणारे फलक लागले. जिराफ बघायला आलेल्या शाळेच्या सहलीनं तेही वाचायचं. २००९ मध्ये ब्रिटिश ह्युमॅनिस्ट असोसिएशन या निधर्मी मानवतावाद्यांच्या संस्थेनं पर्यटन मंडळांना सांगितलं, की या जागेची जाहिरात थांबवा. पुढच्या वर्षी शाळेबाहेरच्या शिक्षणासाठी मिळणारं गुणवत्तेचं मानचिन्ह या संग्रहालयाला मिळालं, तेव्हा शरीररचनाशास्त्रज्ञ अ‍ॅलिस रॉबर्ट्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

गंमत अशी, की रॅक्सलवाले, बायबलच्या हिशेबानं पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं म्हणणाऱ्यांतले नव्हेत. ते डार्विनलाही नाकारतात आणि त्या सहा हजारवाल्यांनाही. सहा हजारवाल्यांना भेटायचं तर अमेरिकेत, केंटकी राज्यात जावं लागेल.

तिथे केन हॅम नावाचे गृहस्थ आहेत. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, तिथे विज्ञान शिकवायचे. त्यांच्या संस्थेनं २००७ मध्ये पीटर्सबर्गला 'क्रिएशन म्युझियम' उघडलं आणि २०१६ मध्ये विल्यम्सटाउनला नोहाची आख्खी लाकडी नौकाच उभी केली. बायबलमध्ये नौकेची लांबी तीनशे हात दिली आहे. हात म्हणजे आपलाच हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा. आपण त्याला दीड फूट धरतो. यांनी जरा लांब हात धरला, २०.४ इंचांचा. त्यामुळे नौका झाली ५१० फूट. आत पिंजऱ्यांत प्राण्यांचे पुतळे, त्यांत डायनोसॉरसुद्धा. बाहेर मात्र खरे, जिवंत प्राणी.

क्रिएशन म्युझियमच्या आवारातही पोरांना प्राण्यांना हात लावता येईल, अशी जागा आहे. तिथे पाळलेल्या एका प्राण्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. अशा संकराला झाँकी म्हणतात. बाप झेब्रा, आई गाढवी. अंग गाढवासारखं करड्या-तपकिरी रंगाचं आणि पायांवर मात्र पट्टे. कुणी पायमोजे घातलेत म्हणावं असे. पोरं त्याच्यावर खूश असणारच.

हे जनावर तिथे नुसत्या कौतुकासाठी नाही, ते पुरावा म्हणून पाळलं आहे. मुद्दा असा: नौकेत सगळ्या जाती मावणार कशा, हा जुना प्रश्न. त्यावर या मंडळींचं उत्तर असं, की नोहानं जाती नेल्याच नाहीत, 'प्रकार' नेले. घोडा, गाढव, झेब्रा हा सगळा मिळून एक प्रकार. बघा ना, त्यांचा संकर होतो! वाघ, सिंह, चित्ता आणि आपल्या गल्लीतली मांजर मिळून दुसरा. असे साधारण चौदाशे प्रकार झाले की नौका पुरते.

ऐकायला ठीक वाटतं. पण जरा हिशेब मांडा. त्यांच्या कालगणनेत जलप्रलय झाला इसवी सनापूर्वी २३४८ च्या सुमारास. म्हणजे नौकेतून उतरलेल्या त्या मोजक्या जनावरांपासून आजचे सगळे घोडे, सगळी गाढवं, झेब्र्याच्या तिन्ही जाती, एवढं सारं साडेचार हजारांहून कमी वर्षांत घडलं. मैदानी झेब्र्याच्या पेशीत गुणसूत्रं ४४, गाढवाच्या ६२, घोड्याच्या ६४. एवढी उलथापालथ एवढ्याशा काळात! डार्विननं कोट्यवधी वर्षं मागितली होती. डार्विन नको म्हणणाऱ्यांना त्याच्यापेक्षा हजारो पटींनी वेगवान उत्क्रांती लागते, फक्त तिला त्या नावानं हाक मारायची नाही. आणि त्याच २३४८ साली आपल्या सिंधूकाठी मोहेंजोदडो, हडप्पा गजबजलेली होती. त्यांच्या आंघोळीच्या खोल्या, गटारं शाबूत सापडतात. जगबुडीची बातमी त्यांच्यापर्यंत बहुधा पोचली नसावी.

मग हा खटाटोप प्राणिसंग्रहालयातच का? अमेरिकेत सरकारी शाळेचं दार त्यांना बंद झालं. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं लुइझियाना राज्याचा कायदा रद्द केला. उत्क्रांती शिकवाल तर 'सृष्टिविज्ञान'ही, म्हणजे सृष्टी देवानं घडवली हे मतही, विज्ञान म्हणून शिकवा, असं तो कायदा सांगत होता. पण सहलीला कायदा कुठला? तिकीट काढून येणारं कुटुंब, आइस्क्रीम, उंटावरची रपेट, आणि जाता जाता वाचलेली पाटी. वर्गात मूल निदान कंटाळून खिडकीबाहेर तरी बघतं. इथे ते डोळे विस्फारून उभं असतं.

स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या जागेत कुणी नौका बांधावी, हा ज्याचा त्याचा हक्क, असं माझं मत आहे. नौका बंद करा असं मी म्हणणार नाही. प्रलय, नाव आणि वाचलेला एक पुण्यवान माणूस ही गोष्ट आपलीही आहे. शतपथ ब्राह्मणात मनूची नाव मासा ओढून नेतो. सुंदर गोष्ट आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात माशाच्या टाकीवर ती पुरावा म्हणून लावलेली माझ्या पाहण्यात कधी आली नाही, एवढाच काय तो फरक.

अर्थात आपण फार शेखी मिरवू नये. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैदिक संमेलनाला आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, की डार्विन चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढून ते खोडावं लागलं. सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतानाही गुन्हा कसा शाबीत होतो, हे त्यांना आपण काय सांगणार! पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गळली, त्यावरही अठराशेहून अधिक लोकांनी सह्या करून विरोध नोंदवला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात, दुसऱ्या भागात, पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. ज्यांची मुलं दहावीला आहेत, त्यांनी एकदा उघडून बघावा.

हे भाषण लिहिताना भाच्याला मोबाइलवर झाँकीचा फोटो दाखवला. तो बराच वेळ पट्टेवाल्या पायांकडे बघत राहिला.

"हा खेचराचा भाऊ का?"

म्हटलं, चुलतभाऊ म्हण.

"मग याला पिल्लं होतात?"

"सहसा नाही. खेचराला तरी कुठे होतात?"

"मग हे त्याच्या पाटीवर लिहिलंय का?"

फोटोत पाटी आलेली नव्हती.