स्क्रेपवर बसू नका

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर संपत आलाय, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मक्याची काढणी चालू आहे आणि ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी सुट्टीचे अर्ज टाकलेत, दिवाळीसाठी नाही हो, हरणांसाठी. आपले मराठी लोकही आता बऱ्यापैकी कंपाउंड बो (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) घेऊन जंगलात जायला लागलेत आणि दरवर्षी त्यांचा एकच प्रश्न येतो, "स्क्रेप सापडलाय, त्यावरच मचाण बांधू का?" स्क्रेप म्हणजे नर हरणाने पायाने खरवडून आपला वास सोडून ठेवलेली जागा. तर उत्तर आत्ताच देऊन टाकतो. नका बांधू. स्क्रेपपासून थोडं लांब, वारा स्क्रेपवरून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसा, आणि तेसुद्धा ठरावीक दहा-बारा दिवसच.

शिकार म्हटलं की कोणाच्यातरी कपाळाला आठी पडणारच, ते साहजिक आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि झाली ते बरंच झालं. पण इथलं गणित वेगळं आहे. १९०० च्या आसपास बेसुमार शिकारीमुळे अख्ख्या अमेरिकेत पाचेक लाखच व्हाइटटेल (इथली पांढऱ्या शेपटीची हरणं) उरली होती, आज ती साधारण तीन कोटींच्या घरात आहेत. ती परत आणायला जो पैसा लागला त्यातला मोठा भाग शिकाऱ्यांच्याच खिशातून आला, लायसन्सची फी आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका-काडतुसांवरचा कर. आणि ज्यांना शिकारीशी काही घेणंदेणं नाही त्यांनी पण एवढं ऐकून ठेवा, नोव्हेंबरात नर वेड्यासारखे रस्ते ओलांडतात, गाड्यांना हरीण धडकण्याचे प्रकार वर्षात सगळ्यात जास्त याच महिन्यात होतात. त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी गाडी जरा हळू.

बरं, स्क्रेप. जंगलातल्या पायवाटेवर, पाचोळा बाजूला उडवलेला, परातीएवढी किंवा त्याहून मोठी काळी उघडी माती आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, माणसाच्या छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीला, एक लोंबती फांदी. नवीन माणूस खाली बघतो. तुम्ही वर बघा, कारण खरी करामत त्या फांदीची आहे. नर येतो, थांबतो, मान वर करून फांदीचं टोक तोंडात घेतो, चावतो, चाटतो, मग कपाळ आणि डोळ्याच्या कोपऱ्यातली ग्रंथी तिच्यावर घासतो (रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट काडीवर डोळा घासताना पाहिला असेल तर हा त्याचाच मामेभाऊ समजा). मग पुढच्या पायाने माती खरवडतो, एकदा डावा एकदा उजवा, पाचोळा मागे उडतो. त्यानंतर त्या मातीत उभा राहून मागचे दोन्ही पाय एकमेकांना चिकटवतो आणि पायांच्या सांध्याच्या आतल्या बाजूला जे केसांचे झुपके असतात त्यांच्यावरून लघवी करतो. मोठ्या नराचे हे झुपके माजाच्या दिवसांत अगदी काळे पडतात आणि वास असा की वारा बरोबर असला तर आपल्यालाही येतो.

म्हणजे स्क्रेप हा गावच्या चावडीवरचा फळा आहे. एका नराची मालकी नसते त्याच्यावर, त्या भागातले सगळेच नर तिथे हजेरी लावून जातात, माद्याही येऊन फांदी हुंगतात. म्हणून "माझ्या स्क्रेपवरचा बक" (म्हणजे नर) असं कोणी सांगायला लागलं की मी हसून सोडून देतो.

आता बसायचं का नाही ते. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी स्क्रेपवर कॅमेरे लावून नोंदी केल्या, २००१ साली त्या छापून आल्या, तर नरांच्या साधारण ८५ टक्के भेटी रात्रीच्या निघाल्या. रात्री म्हणजे जेव्हा आपण कायद्याने धनुष्य ताणूच शकत नाही. शेताच्या कडेचे स्क्रेप तर दिसायला सगळ्यात झकास आणि कामाला सगळ्यात भिकार, कारण मोठा नर उघड्यावर अंधार पडल्याशिवाय येतच नाही. त्यापेक्षा आत शिरा. आपल्या विस्कॉन्सिनच्या पश्चिमेला किकापू नदीच्या बाजूला ज्या डोंगररांगा आहेत तिथे ओकच्या झाडीत, जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर, दोन टेकड्यांमधल्या खिंडीत, हरणं दिवसा जिथे बसून राहतात त्याच्या जवळपासचे स्क्रेप शोधा. तिथे उजेड असताना नर दिसायचा चान्स असतो.

दिवस कुठले? इकडे उत्तरेत बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याला माजावर येतात, दिवस लहान होत गेले की शरीरातलं घड्याळ चालू होतं, थंडी कमी-जास्त असली म्हणून तारीख फारशी हलत नाही. स्क्रेपचा जोर त्याच्या आधीचे दोनेक आठवडे, म्हणजे साधारण २५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर, नर तयार असतो आणि मादी अजून तयार नसते तेव्हा. एकदा माद्या माजावर आल्या की नर एकीच्या मागे दीड-दोन दिवस चिकटून राहतो, फळा वाचायला वेळ कोणाला आहे? तेव्हा स्क्रेप सोडून द्या आणि माद्या जिथून जातात त्या वाटांवर बसा. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो तोपर्यंत बरेच स्क्रेप पाचोळ्याने भरून गेलेले असतात. ज्या माद्या गाभण राहिल्या नाहीत त्या साधारण २८ दिवसांनी परत माजावर येतात, म्हणून डिसेंबरात एखादा स्क्रेप पुन्हा उकरलेला दिसतो, पण त्याच्या भरवशावर सुट्टी टाकू नका.

आणि आता वारा, ज्याच्यामुळे निम्म्या शिकारी फुकट जातात. वयाने मोठा नर स्क्रेपपर्यंत येतोच असं नाही, तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने वीस-तीस-चाळीस यार्डांवरून नुसता वास घेऊन पुढे निघून जातो. तुम्ही स्क्रेपच्या डोक्यावर मचाणात बसलात तर तो वास घेतो तो स्क्रेपचा आणि तुमचा, दोन्हीचा, आणि तुम्हाला कळतही नाही की आला होता. म्हणून मचाण त्या वासाच्या पट्ट्याच्याही थोडं पलीकडे, किंवा बाजूला. डोंगरात अजून एक भानगड, सकाळी ऊन लागलं की हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन खाली दरीत घसरते, त्यामुळे फोनवरचं अॅप पश्चिमेचा वारा दाखवत असेल आणि तुमच्या नाकासमोर भलतंच चालू असेल. पावडरची छोटी बाटली ठेवा खिशात, दर अर्ध्या तासाने चिमूटभर उडवून बघा.

दुकानात हरणाच्या लघवीच्या बाटल्या मिळतात, माझं मत विचाराल तर पैसे वाया. नुसती योग्य उंचीची फांदी वाकवून बांधली आणि खालची माती रबरी बूट घालून उकरली तरी हरणं येऊन बघतात. शिवाय सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) नावाचा हरणांच्या मेंदूचा रोग आहे, विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ ला सापडला, त्याचे प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, लघवीतूनही पसरतात, म्हणून काही राज्यांनी अशा बाटल्यांवर बंदीच घातलीय.

नियमांचं थोडक्यात. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. एच-वन बीवर असाल तर बंदूक बाळगण्याचे फेडरल नियम वेगळे आहेत, शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे, पण आधी वकिलाला विचारा. धनुष्यबाणाला ती अडचण नाही. मचाणावर चढायच्या आधी, म्हणजे पाय जमिनीवर असतानाच हार्नेस (अंगावरचा सुरक्षेचा पट्टा) दोरीला अडकवा, वर पोचल्यावर नाही. शिकाऱ्यांचे हातपाय गोळीपेक्षा मचाणावरून पडून जास्त मोडतात.

हरीण पडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करायची, ऑनलाइन होते. मग मुंडकं, मानेचा तीन-चार इंच भाग ठेवून, सीडब्ल्यूडीच्या तपासणीच्या किऑस्कवर देऊन या, फुकट आहे. माणसाला हा रोग झाल्याची नोंद अजून नाही, पण पॉझिटिव्ह आलेलं मटण खाऊ नका असं सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सांगते. तोवर त्या हरणाची पाकिटं फ्रीझरमध्ये वेगळी ठेवा, मार्करने नंबर टाका, आणि रिझल्ट यायच्या आधी कोणाला जेवायला बोलावू नका.